चादरीवरची अमेरिका

माझ्या थोरल्या साडूंइतका लढाऊ आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस उभ्या सोलापुरात दुसरा झाला नाही. जन्मात त्यांनी कुणाला चापट मारली नाही, पण रविवारी सकाळी शंभरेक माणसं गारद केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. माणसं शिशाची, बोटभर उंचीची. साडू अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात चादरींची नक्षी कागदावर काढायचे आणि घरी येऊन सैनिक ओतायचे. शिसं माझ्या छापखान्यातलं. झिजलेले अक्षरांचे टाइप ते पिशवी भरभरून न्यायचे आणि अक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, आमटीच्या पळीत वितळवायचे. अर्ध्या सोलापूरच्या लग्नपत्रिका या माणसाने घोड्यावर बसवल्या.

आधी मावळे आणि मोगल होते. ते शे-दीडशे झाल्यावर एक दिवस मला म्हणाले, "तीच ती माणसं किती दिवस मारायची, पाव्हणं? माल वाढवाय पायजे." त्याच महिन्यात मॅटिनीला अमेरिकन घोडेस्वारांचा एक इंग्रजी सिनेमा लागला. साडूंनी तो ओळीने चार वेळा पाहिला. संवादातलं अक्षर कळलं नाही, पण खोगिराचे पट्टे वहीत बरोब्बर उतरवून आणले. निळ्या डगल्यांचे शिपाई झाले. छपराच्या गाड्या झाल्या, त्यांना बैल आपले खिलारी. अडलं ते तिथल्या मूळच्या टोळीवाल्यांपाशी, कारण सिनेमात ते लांबून धुरळ्यातच दिसायचे. मग साडूंनी हाताला येतील तसे केले: डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, ओठावर झुपकेदार मिशी, मधेच डोक्यावर दुरडी घेतलेली एखादी बाईही. रानगव्यांचा कळप करायला बसले आणि निघाल्या पंढरपुरी म्हशी, शिंगं थेट पाठीपर्यंत. मी म्हटलं, "अहो साडूभाऊ, अमेरिकेत पटका?" तर शांतपणे म्हणतात, "तुमी गेला हुता का तितं?" आता मी जवळच्या मोहोळच्या पुढे फारसा गेलो नव्हतो!

लढाई चादरीवर व्हायची. चादरीखाली पालथी पातेली घातली की डोंगर, वर निळ्या परकराची चिंधी टाकली की नदी. पायदळाने नक्षीचा एक चौकडा चालायचं, घोड्याने दोन. निकाल पाच कवड्यांवर: निदान चार उताण्या पडल्या की हल्ला फत्ते. आणि चादरीच्या काठाच्या दशांपलीकडे ढकलला गेला तो बाद. एकदा ऐन रणधुमाळीत अक्कांनी आमटीसाठी डोंगरच ओढून नेला आणि माझे सात घोडेस्वार कोसळले. मी आरडाओरडा केला, तर साडूंनी वहीत 'भूकंप' अशी नोंद केली आणि माझे सातही बाद केले. "नियम म्हंजे नियम," म्हणाले. निळे शिपाई कायम माझ्याकडे, टोळीवाले कायम त्यांच्याकडे. दोन वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही. हसू नका, रविवारचं जेवण मला गोड लागत नसे.

साडूंचं गाव करमाळ्याकडे, भीमेच्या काठी. धरणाचं पाणी येणार म्हणून ते उठायचं होतं. घरशेती त्यांचे थोरले बंधू बघायचे, सगळे त्यांना दादा म्हणत. साडू मात्र त्या विषयावर चकार शब्द काढत नसत. विचारलं की "बघू की" म्हणायचे आणि आणखी एक टोळीवाला ओतायला बसायचे.

आणि तो रविवार उजाडला. माझ्या घोड्यांनी त्यांचे अकरा टोळीवाले पार दशांपर्यंत रेटले होते. एक डाव, की विजय! मी कवड्या मुठीत घेतल्या आणि तेवढ्यात दारात दादा उभे. एस्टीने आले होते. पिशवी ठेवली, पाणी प्याले आणि म्हणाले, "नोटीस आली. उन्हाळ्यात घर सोडायचं."

मग दादा चादरीवर वाकले आणि त्यांनी एक टोळीवाला उचलला. डोळ्यांजवळ नेला. "आरं, ह्यो तर मीच की! मिशीबी तीच. आन् ह्यो तुका गुरव. ही पारूबाई, दुरडी घिऊन."

दोन वर्षं ज्यांच्या पटक्यांची मी टिंगल केली ते एक अख्खं गाव होतं, आणि मी मेल्यानेच ते रेटत आणलं होतं. मी म्हणालो, "राहू द्या, साडूभाऊ. माझे घोडे दमलेत. बरोबरी समजू."

"बरोबरी आपल्या नियमात न्हाय," साडू म्हणाले. "टाका कवड्या."

मी मुद्दाम वेड्यावाकड्या टाकल्या. मेल्या पाचही उताण्या पडल्या.

साडूंनी एकेक माणूस उचलून तळहातावर घेतलं. दादा म्हणाले, "आता ह्यास्नी कुटं ठेवतूस?" साडू उठले. लेकीला दिवाळीला द्यायची म्हणून ठेवलेली कोरी चादर त्यांनी ट्रंकेतून काढली, पहिलीच्या दशांना दशा लावून अंथरली आणि तिच्यावर माणसं मांडायला लागले.

"पारूबाईचं घर पाराच्या उजवीकडं न्हवं?"

"डावीकडं रं. इसरलास व्हय?"

दुसरी चादर नियमात नव्हती. दोन वर्षं एकेका चौकड्यासाठी भांडणारा मी, त्या दिवशी तोंडातून ब्र काढला नाही.

गाव गेलं. दादांना लांब कुठेतरी माळावर जमीन मिळाली. पुढे साडूही गेले. अक्कांनी निळे शिपाई एका डब्यात भरून माझ्याकडे पाठवले. "तुमचे तुमच्यापाशी असू द्या," म्हणाल्या. साडूंची फार आठवण यायला लागली तसा मी एकदा दादांच्या नव्या घरी गेलो. ओसरीवर साडूंची ती दुसरी चादर अंथरलेली होती, धुऊन धुऊन विटलेली, आणि तिच्यावर सगळं गाव उभं होतं. पारूबाई पाराच्या डावीकडे. दादांनी मला म्हशी दाखवल्या, ओढा दाखवला. त्यांच्याशी एखादा डाव टाकू म्हणून मी खिशातून एक घोडेस्वार नेला होता. तो खिशातच राहू दिला.