रुखवतातली दोन डोकी

नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, अगदी देवापुढे बसूनसुद्धा हे कधी तोंडातून काढलं नाही मी. तुम्ही अनोळखी, म्हणून जमेल असं वाटलं. आणि तरी बघा — जीभ रेटत नाहीये.

मी डोंबिवलीत रुखवताच्या बाहुल्या करते. लग्नाच्या हॉलमध्ये नवरीकडचे टेबलावर मांडतात ना — हळद, सप्तपदी, कन्यादान, सगळे वीतभर उंचीचे — तेच. अंग तारेचं, वर खरे कपडे, आणि डोकं क्लेचं, टूथपिकवर खोचलेलं. नेताना माना मोडतात, म्हणून डोकी कापसात वेगळी न्यायची आणि हॉलवर बसवायची. ही माझी पद्धत. वैशालीलाही मीच शिकवलेली.

वैशाली ठाकुर्लीची. नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा "ताई, काहीतरी काम द्या" करत आलेली. आधी नुसत्या साड्या नेसवायची. मग एकदा मी तापाने पडलेले, तेव्हा चेहरे तिने केले — आणि संपलंच! माझ्या बाहुल्या बाहुल्याच दिसायच्या. तिची बाहुली बघितली की वाटायचं, अरे, हिला आपण कुठेतरी भेटलोय. गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर सांगायला लागली, "चेहरे तेवढे त्या ठाकुर्लीच्या बाईंकडून हं." मी हसून हो म्हणायचे आणि आतून जळायचे. हो, जळायचेच. दुसरा शब्द कशाला शोधू? वीस वर्षं मी बोटं झिजवली, आणि हिला दोन वर्षांत हे यावं?

बरं. सांगते आता.

ठाण्याच्या एका लग्नाचं काम आलं. तेरा वर्षं झाली त्याला. नवरीचे वडील वारलेले, म्हणून कन्यादानाला काका-काकू बसणार होते. नवरीची आई म्हणाली, बोहल्यावर नाही तर नाही, रुखवतात तरी आम्ही दोघं शेजारी बसू. फोटो दिला एक. त्यावरून वैशालीने तो माणूस केला — मिशी, चष्मा, आणि फोटोसाठी उभं राहिलं की माणूस जरा अवघडतो ना, ते अवघडणंसुद्धा.

लग्नाच्या सकाळी आम्ही टेबल मांडलं. ती आई आली, त्या चिमुकल्या गालाला बोट लावलं आणि रडायलाच लागली. वैशालीचे दोन्ही हात धरले तिने. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही यांच्या मदतीला असता का?"

मदतीला!

"अहो, ताईंनीच शिकवलंय मला," वैशाली घाईघाईने म्हणाली. पण ती बाई तोवर पुढे गेलेली. वैशाली नाश्त्याला गेली. मी टेबलापाशी एकटी.

वडील आणि समोरचे भटजी — दोघांना सारखंच सोवळं, सारखंच उपरणं. मी दोघांची डोकी उपटली आणि अदलाबदल करून खोचली. मग मीही जाऊन उपमा खाल्ला. दुसऱ्यांदा मागून घेतला.

मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. नवरीच्या आईशेजारी शेंडीवाले भटजी, आणि तिचा नवरा समोर पोथी घेऊन बसलेला. त्यांच्यातली एक मावशी मोठ्याने म्हणाली, "अगंबाई, विहीणबाईंनी भटजींशीच संसार थाटला की!" एकच हशा. काय चाललंय म्हणून ती आई बघायला आली. बघितलं. हातातली शाल त्या कन्यादानावर टाकली आणि आत निघून गेली. मंगलाष्टकांना तिचे डोळे सुजलेले होते.

मला वाईट वाटलं का तेव्हा? खरं सांगायला बसलेय, तर — नाही. मी वैशालीचं तोंड बघत होते. "मी नीट बसवलेली हो," ती म्हणत होती. मग म्हणायला लागली, "कपडे सारखे होते, घाईत माझ्याच हातून झालं असेल." तिची खात्री माझ्या डोळ्यांदेखत सुटत गेली. एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. मी बोललेही — सगळ्यांसमोर. म्हटलं, "नवीन आहे हो ती, सांभाळून घ्या."

परतताना रिक्षात ती हमसून हमसून रडली. "ताई, तुमचं नाव घालवलं मी." आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, जाऊ दे गं, मी नाही मनात ठेवत. माफ केलं मी तिला. मी! तिला!

त्यानंतर तिने क्लेला हात लावला नाही. कोलशेतला एका कारखान्यात पॅकिंगला लागली, अजून तिथेच आहे. माझं काम जोरात चाललं. चेहरे माझेच, आणि शेजारी ठेवून बघायला दुसरे नाहीत.

मागच्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न ठरलं. पेढे घेऊन आली. म्हणाली, "रुखवत तुम्हीच करा, ताई. चेहरेसुद्धा. माझा मला भरवसा नाही."

केलं मी. लग्नात ती कन्यादानापाशी कितीतरी वेळ उभी होती. त्यात ती आणि तिचा नवरा, मी केलेले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मला असं कधी जमलं नसतं."

मी थँक्यू म्हटलं.