लेबल कापलेला पतंग

मी वेल्हे तालुक्यातल्या पासलीचा. सुभेदार होऊन घरी आलो. गावात कुणी विचारलं, "सुभेदार, किती दुश्मन मारले?" की मी उठून जातो. मी एकदा कात्री चालवली होती, ते सांगतो.

तेव्हा मी हवालदार होतो. पोस्ट कुठली, हे आजही लिहिणार नाही. उंच डोंगर, अठरा माणसं, चार महिने उन्हाळा म्हणायचा. शून्य पाचशेला, पहाटे पाचला, स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन मोर्च्यात. शून्य नऊशेला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघायचं. बाहेर जाणारी प्रत्येक चिठ्ठी मी तपासायचो. जागा, उंची, तारीख दिसली की कापायची, अशी ऑर्डर.

माझ्या हाताखालचा नाईक विलास भोरच्या वरच्या अंगाचा, शेजारच्या तालुक्यातला, म्हणजे पलटणीत माझा गाववालाच. एका पेट्रोलवर तो मुरमाड उतारावर गुडघे टेकून बसला.

"काय रं, पाय मुरगळला?"

"न्हाई, हवालदारसाहेब. पतंग हाय, रातीला दिव्यावर येतो तसला. भर उन्हात उडतोय बघा."

संध्याकाळी त्यानं त्याचा पेट्रोल रिपोर्ट लिहिला, अगदी फॉर्मॅटमध्ये. संख्या, एक. आकार, अंगठ्याच्या नखाएवढा. रंग, काळा, पुढच्या पंखावर दोन पांढरे पट्टे, आतला तुटका, मागचा पंख पांढरा, काठ काळा. मिशा पिसासारख्या. हालचाल, ऊन असेल तर जमिनीलगत, ढग आला की दगडाला चिकटतो. आम्ही पोट धरून हसलो. पण पाहणी अशी असावी!

भोरच्या कॉलेजात त्याला कीटक शिकवणारे एक सर होते. त्यांना त्यानं हे कळवलं. सरांनी लिहिलं, असा पतंग माझ्या पाहण्यात नाही. एक वाळवून पाठव, सोबत लेबल लाव. नवा निघाला तर तुझं नाव देता येईल. विलासनं फोनवर आईला सांगूनही टाकलं, "आये, पाखराला आपलं नाव लागंल."

पाकीट माझ्याकडे आलं. लेबलावर जागा, उंची, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव. मी ते अख्खं लेबल कापलं, शेगडीत टाकलं आणि पतंग पाठवून दिला. विलासला सांगितलंही नाही. मोठा शिस्तीचा हवालदार ना मी!

दीड महिन्यानं सरांचं उत्तर आलं. पतंग पुण्याला दाखवला, नवा वाटतो, पण कुठला, कधीचा, काहीच कळत नाही. लेबलाशिवाय त्याचं वर्णन छापता येत नाही, आणि मागाहून लिहिलेलं लेबल चालत नाही; लेबलासकट नवा पाठव.

विलास माझ्यासमोर उभा राहिला. "तुमी कापलं?"

"व्हय. ऑर्डर हाय."

"इचारायचं तरी व्हतं."

"नाईक, सावधान!" मी ओरडलो. तो सावधान झाला. ते मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी लाज वाटली म्हणून रेडिओवर कंपनी कमांडरना विचारलं. ते हसले. "पतंग? नीचे भेजो, लेबल मैं पास कर दूँगा. ओव्हर." एवढंच होतं. एक प्रश्न विचारायचा होता.

मीच विलासला म्हणालो, पुढच्या पेट्रोलला दोन पकडून आण. त्या पेट्रोलच्या दिवशी अकरा वाजता रेडिओ वाजला.

"दरड आली. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"विलास."

अकरा चाळीसला मी पोहोचलो. दोन्ही हातांनी दगड उपसले. तो गेला होता. खिशात घडी घातलेला कागद होता. आत दोन पतंगांचा भुगा झालेला. लेबल मात्र शाबूत, सुवाच्य अक्षरात.

रिटायर झाल्यावर ते लेबल घेऊन मी पुण्याला गेलो. तो पहिला पतंग ज्यांच्या पेटीत आहे, त्या मॅडमनी भिंगातून दाखवला. पट्टे जसेच्या तसे.

"मग लावा की हे लेबल," मी म्हटलं.

"काका, हे त्या दुसऱ्या पतंगांचं आहे. याला लावलं तर खोटं होईल."

"उतार तोच, माणूस तोच!"

"तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण नियम आहे. तिथूनच नवा मिळायला हवा."

मी लेबल पुन्हा खिशात ठेवलं. नियमापुढं माणूस कसा दिसेनासा होतो, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

परतताना नसरापूरला उतरलो आणि भोरची एसटी धरली. विलासची आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. चहा ठेवायला उठली, तिला मी बसवलं.

"सुभेदार, लागलं का नाव?"

"न्हाई, मावशी. लागणार न्हाई. पाखराची चिठ्ठी म्या कापली व्हती. त्यापायीच तो दुसऱ्यांदा पाखरं धरायला गेला."

इतकी वर्षं हे कुणाला बोललो नव्हतो. तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या घालील. घालायला हव्या होत्या.

"त्यानं फोनवर सांगितलं व्हतं मला," ती म्हणाली. "हवालदारसाहेबांनी कापलं, पर त्यांच्यावर रागवू नगंस, आये. मानूस चांगला हाय."