गोरखचिंचेच्या चाळीस तुळया

कुऱ्हाड पात्यापर्यंत रुतली आणि निघेना. दोन गडी दांड्याला लोंबकळत होते, खाचेतून पाणी ठिबकत होतं, आणि आमचे साहेब घाम पुसत मला विचारत होते, "दारोगा, ये झाड है के हौज?"

हेच मी दोन महिन्यांपूर्वी लिहून कळवलं होतं. तेव्हा साहेबांनी मला कामचुकार ठरवलं होतं.

निजामाच्या जंगल खात्यात मी दारोगा होतो. म्हणजे झाडं मोजायची, तोड करवून घ्यायची आणि वरच्यांची बोलणी खायची. सिरसाळ्याच्या बाजूला एका गावाबाहेर, सरकारी पडीत ही गोरखचिंच उभी होती. आठ माणसांच्या कवेत मावत नव्हती. खात्याची रीत अशी, की खोडाचा घेर आणि उंची घ्यायची, गुणाकार करायचा, की लाकूड किती ते ठरलं. ते लाकूड कामाचं आहे का, हे गुणाकाराला कुणी विचारत नाही. साहेबांनी बीडच्या कचेरीत बसल्या बसल्या कागदावर चाळीस तुळया काढल्या. नव्या कचेरीच्या छपराला चाळीसच हव्या होत्या. साहेबांनी लगोलग वर कळवूनही टाकलं.

हुकूम घेऊन मी गावात गेलो, तर कोंडाबाई आडवी आली. त्याच झाडाच्या सालीचे दोर वळून ती पोट भरायची.

"कावून तोडता साहेब? लई कामाचं झाड हाय."

"कसलं काम?"

"सालीचे दोर व्हत्यात. कवळ्या पाल्याची भाजी व्हती. बिया आमी भाजून खातो. अन् उन्हाळ्यात लेकरांना हगवण लागली की फळाचा आंबट गर पाण्यात कालवून पाजते मी. तुमचा दवाखाना तिकडं बीडला. तिथवर लेकरू टिकतंय व्हय?"

तिचं म्हणणं कागदावर घ्यायला बसलो, तर छापील कागदात रकाने दोनच. इमारती लाकूड आणि जळाऊ लाकूड. लेकरांसाठी रकाना नव्हता. मग फांदीचा एक ओंडका तोडून नमुना म्हणून बीडला पाठवला. इथून निघताना तो दोघांना उचलेना. साहेबांच्या टेबलाशी पडून वाळला, तेव्हा शिपाई एका हाताने झेलू लागला. त्यात ठोकलेला खिळा बोटाने निघत होता. साहेबांचा शेरा आला, "नमुना भलत्याच झाडाचा आहे."

आणि खरं झाड तोडायला ते जातीने आले. पुढे कुऱ्हाडीचं काय झालं, ते वर सांगितलंच.

भर उन्हाळा होता, झाडावर पान नव्हतं. त्यात साहेबांचं पोट सकाळपासून बिघडलेलं. तिसऱ्यांदा ओढ्याकडे जाऊन आले, तेव्हा कोंडाबाईने काही न विचारता गराचं पाणी पुढे केलं. आणखी दोनदा पाजलं. दुपार कलताना साहेब उठून बसले.

"क्या पिलाया?"

"ज्याला तोडाया आलात, त्याचंच फळ हाय ते," कोंडाबाई म्हणाली.

आता साहेब विरघळणार, असं मला वाटलं. साहेब झाडाकडे बघत कळवळून म्हणाले, "चालीस तुळयां लिख के दिया मैं. अब ऊपर क्या बोलूं?"

"हुजूर, झाड तोडलं, आतून पोकळ निघालं, असं लिहू."

"और ये झाड?"

"ते कुठं कचेरीत येतंय सांगायला?"

ही अक्कल साहेबांना लगेच स्वतःचीच वाटू लागली. सही झाली. रजिस्टरात गोरखचिंच आडवी झाली आणि कोंडाबाई सालीचा दोर वळत घरी गेली.

पावसाळ्यात झाड पानांनी भरलं, घावावर साल धरू लागली. साहेबांची बदली झाली. नवे साहेब तपासणीला आले. ऊन चटकत होतं, म्हणून त्याच गोरखचिंचेखाली दस्तरखान अंथरला. जेवण झाल्यावर त्यांनी रजिस्टर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

"यहां एक बडा झाड था ना? किधर था?"

बाजूला दोर वळत बसलेल्या कोंडाबाईने तोंडाला पदर लावला.

"इथंच होतं हुजूर," मी म्हणालो. "तोडलं."

त्यांनी खोडाला पाठ टेकून सही केली.

नोकरीत मी पुष्कळ झाडांसाठी अर्ज केले. ती सगळी रीतसर तोडली गेली. हे एकच वाचलं, कारण ते आधीच तोडलेलं होतं.