साफे आणि सावली

त्या बाईंचं नाव मला आठवत नाही; नाक मात्र आठवतं. शेंड्यावर टाक्यांचा व्रण होता. जयपूरला माझी बदली झाली होती, तेव्हा मुलीच्या शाळेत त्या कातडीच्या कर्करोगावर बोलायला आल्या होत्या. एप्रिलची भर दुपार. आम्ही पालक शामियान्यात, नववीची मुलं उन्हात. गणवेशात बसत नाहीत म्हणून त्यांच्या टोप्या काढायला लावल्या होत्या. माझी मुलगी लालबुंद झाली होती.

तिथल्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना साफे बांधले जात होते. बाईंनी आपला साफा हातानंच दूर सारला.

"डॉक्टरसाहिबा, पहले स्वागत-भाषण," प्राचार्य म्हणाले.

बाईंनी नाकावर बोट ठेवलं. "ये नाक मैंने इन्हीं की उमर में जलाई थी. पहले बच्चे छाँव में!"

मुलं धावतच शामियान्यात घुसली. साहजिकच आम्ही बाहेर आलो.

मग प्राचार्यांनी उन्हात उभं राहून स्वागत केलं. इतकं आटोपशीर स्वागत-भाषण मी आयुष्यात ऐकलेलं नाही.