कुंकू लागलेली रेकॉर्ड

मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. इतकी वर्षं झाली तरी येतो. पुण्याच्या एका माणसाचा येतो, माझ्या वडिलांचा येतो, आणि सगळ्यांत जास्त ज्याचा येतो त्याच्याकडे मी सावकाश येणार आहे.

त्या वर्षांत मी अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर जॅझच्या जुन्या रेकॉर्डी विकायचो. लोक हसायचे. वऱ्हाडाचं नाव तेव्हा पेपरात एकाच कारणासाठी छापून यायचं, त्यामुळे गिऱ्हाईक फोनवर हमखास विचारायचं, की तुमच्याकडे जॅझ कुठून आलं? जणू आमच्याकडे माणसं फक्त मरत असतात, गाणी ऐकत नाहीत. मी चिडून सांगायचो, कापसातून आलं. खरंच होतं ते. अकोल्यात एक जुनी जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, आणि मॅनेजरच्या बंगल्यातून चार पेट्या रेकॉर्डी निघाल्या. भंगारवाले चाचा शहाणे, त्यांनी त्या फोडल्या नाहीत. "बाजा है प्रोफेसरसाब, सुननेवाले के घर जाना चाहिए," म्हणाले, आणि दर रविवारी थोड्या थोड्या देत गेले. मी बसमध्ये मांडीवर पेटी घेऊन अकोल्याहून परत यायचो आणि कोणाचा धक्का लागला की भांडायचो.

विकायचं म्हणजे ग्रेड लावावी लागते. साइटचे नियम आहेत. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरायची, रेघा बघायच्या, मधल्या कागदी लेबलावर डाग आहे का ते लिहायचं. 'व्हेरी गुड' म्हणजे तिथे जवळजवळ वाईट. ही भाषा मला शिकावी लागली नाही. माझे बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या गाडीतून चिमूटभर कापूस काढला, दोन अंगठ्यांत धरून ओढला, डोळ्यांजवळ नेला आणि एक शब्द उच्चारला. त्या एका शब्दावर माणसाचं वर्ष ठरायचं. एकदा माझ्या सख्ख्या मामाची गाडी त्यांच्यापुढे आली. दर्यापूरकडचा काळ्या जमिनीतला कापूस, मामीनं निवडून निवडून भरलेला. बाबांनी त्याला खालची ग्रेड लावली. केंद्राच्या रांगेत रात्रभर गाडीवर झोपलेला मामा तसाच निघून गेला, आणि त्यानंतर आमच्या घराची पायरी त्याने चढली नाही. राखीला आई वाट पाहायची. मी कॉलेजात होतो, बाबांशी कडाकडा भांडलो. त्यांचं उत्तर एवढंच, "डाग व्हता." त्या दोन शब्दांसाठी मी त्यांना कधी माफ केलं नाही.

आता ती रेकॉर्ड. सॅक्सोफोनची होती, गडद निळ्या लेबलाची, चार पेट्यांत सर्वांत दुर्मीळ. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ती ऐकली आणि तशीच प्लेअरवर ठेवून झोपलो. सकाळी आईनं दरवर्षीप्रमाणे घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. शिलाई मशीन, मिक्सर, पंपाची मोटर, स्कूटर. प्लेअरलाही झेंडू वाहिला, आणि वर जी तबकडी होती तिच्या मधोमध, लेबलावर, ओल्या बोटाने कुंकू लावलं.

मी ते पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, आमच्या घरात फ्रिजला कुंकू आहे, मीटरच्या पेटीला आहे, माझ्या फिजिक्सच्या पुस्तकांना आहे. ते कोणाला दिसतं? आठवड्याने मी त्याच रेकॉर्डचे फोटो काढले, साइटवर टाकले आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं, लेबल स्वच्छ, कुठलाही डाग नाही. दोन दिवसांत ती पुण्याच्या एका संग्राहकानं घेतली.

पार्सल पोचलं आणि त्याचा निरोप आला. सोबत फोटो, आणि फोटोत आईच्या कुंकवाभोवती पेनाने काढल्यासारखा गोल. 'लेबलवर कुंकवाचा डाग आहे. वर्णनात उल्लेख नाही. फोटोत तो मला छपाईचाच भाग वाटला. निम्मी रक्कम परत करावी, अन्यथा अभिप्राय त्यानुसार देईन.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परदेशी माणूस असता तर समजलं असतं. यानं कुंकू ओळखलं होतं, नाव घेऊन ओळखलं होतं, आणि तरी त्याला डाग म्हणत होता.

अभिप्राय म्हणजे तिथली अब्रू. अमरावतीच्या अनोळखी माणसाकडून कोणी न बघता रेकॉर्ड घेतं ते एकाच भरवशावर, त्याच्या नावापुढच्या शंभर टक्क्यांवर. माझे शंभर होते. चार वर्षं मी ते जिवापाड जपले होते. एक वाईट शेरा पडला असता तर सगळा खेळ खलास.

मी लॅपटॉप उचलून बाबांकडे नेला. का नेला कोण जाणे. आयुष्यात एकदा तरी त्यांनी माझ्या बाजूने बोलावं असं वाटलं असेल. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीन डोळ्यांजवळ ओढली. दोन्ही अंगठे आपोआप वर आले होते.

"डाग हाये," ते म्हणाले.

मग मी घर डोक्यावर घेतलं. पण बाबांवर नाही, आईवर. तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला, माझ्या चार वर्षांच्या मेहनतीचा सत्यानाश केला, असलं काय काय बोललो. ती भाजी निवडत होती. एवढंच म्हणाली, की तू ज्यावर पोट भरतो त्याले लावलं. मी तिथेच बसून पुण्याला उत्तर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, तिला ऐकू जावं म्हणूनच: लेबलवरचा कुंकवाचा डाग माझ्या नजरेतून सुटला, घरच्यांची चूक झाली, क्षमस्व. निम्मे पैसे परत केले. त्याने मला पाच तारे दिले. 'प्रामाणिक विक्रेता, चूक त्वरित मान्य केली.' माझे शंभर टक्के शाबूत राहिले.

सहा-सात महिन्यांनी तीच रेकॉर्ड मला त्याच साइटवर दिसली. विकणारा तोच. किंमत माझ्या मूळ किमतीच्या दुप्पट. वर्णनात लिहिलं होतं, 'लेबलवर दसऱ्याच्या पूजेचं अस्सल कुंकू, वऱ्हाडातल्या घराची खूण, अशी प्रत पुन्हा मिळणार नाही.' मी ते तीनदा वाचलं. घेताना डाग आणि विकताना खूण! कापसाच्या बाजारात हेच होतं असं मामा म्हणायचा, आणि आम्ही त्याला अडाणी समजायचो. त्या माणसाला लिहायला मी दहा ओळी तयार केल्या, एकेक शब्द निखारा. पाठवल्या नाहीत. पाठवल्या असत्या तर त्याने माझंच क्षमापत्र माझ्यापुढे ठेवलं असतं.

पुढच्या दसऱ्याला मी प्लेअर मुद्दाम पुसून मधल्या खोलीत ठेवला. चाचांनी दिलेली एक चांगली, रेघ नसलेली रेकॉर्ड वर मांडली. आई ताट घेऊन फिरत होती. शिलाई मशीन झालं, मिक्सर झाला, मोटर झाली. माझ्या लॅपटॉपलासुद्धा तिने कोपऱ्यात बोट टेकवलं. प्लेअरपाशी आली आणि पुढे गेली.

"आई, याले कावून नाही लावलं?" मी विचारलं.

बाबा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली. ती स्कूटरसाठी झेंडूचं फूल निवडत होती. आवाज चढवला नाही तिनं.

"त्याले तं डाग म्हनता तुमी बापलेक," ती म्हणाली, आणि ताट घेऊन अंगणात गेली.