चिकटपट्टी

धुळ्यात आमच्या कॉलेजचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारे भाऊ मशीनशी अहिराणीत बोलतात आणि साहेबांशी शुद्ध मराठीत. खोटं मात्र ते फक्त शुद्ध मराठीतच बोलतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबच्या तीसही मशीनवर नेटवर्कवरून लिनक्स आपोआप चढायचं होतं. लॅबचा सर म्हणून वायरी मीच जोडल्या होत्या. प्रत्येक पडद्यावर एकच तक्रार आली: नेटवर्क सापडत नाही. मी सर्व्हरच्या नावानं खडे फोडत बसलो. भाऊंनी चष्मा कपाळावर सारला, "आठे?" म्हणजे 'इथे का?' असं विचारत एका मशीनच्या मागे बॅटरी मारली आणि तिच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "तुनं बठ्ठं बरोबर शे." म्हणजे तिचं सगळं बरोबर होतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनला वायरीसाठी दोन पोर्ट होते. लिनक्स पहिल्यावर नेटवर्क शोधत होतं आणि मी वायर दुसऱ्यात खोचली होती, तीसही ठिकाणी.

आम्ही तीसही वायरी पहिल्या पोर्टात हलवल्या, तेवढ्यात प्राचार्य आले. "काय झालं होतं?"

"स्विच तापला होता, साहेब," भाऊ म्हणाले.

मी मनातल्या मनात त्यांचे पाय धरले.

सकाळी परीक्षा घ्यायला गेलो, तर मुलं मशीनच्या मागे वाकून काहीतरी वाचत हसत होती. प्रत्येक दुसऱ्या पोर्टवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, "सर, आठे नको."