यमुनाबाईंच्या कपाळावरची पूड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता ऐंशी उलटली, आणि आज सांगायचंच, असं ठरवून लिहायला बसलो आहे.

स्वातंत्र्यानंतरची चार-पाच वर्षं. कल्याणच्या एका वाचनालयात मी कारकून होतो. पश्चिमेच्या खिडकीशी एक कपाट होतं—शब्दकोशाचे जुने, चामडी बांधणीचे खंड. दुपारचं ऊन थेट त्यांच्या पाठीवर. चामडं मरतं कसं, पाहिलंय कधी? आधी सुकतं, मग तडकतं, मग नुसता हात लावला तरी विटकरी पूड सुटते. घामाच्या बोटावर ती लालभडक दिसते. कपाट हलवायला हवं होतं. हलवलं नाही. वर वार्षिक अहवालात लिहून दिलं—'ग्रंथांची बांधणी सुस्थितीत.'

आळस म्हणाल. तेवढंच असतं तर बरं होतं.

यमुनाबाई दुपारी, बायकांच्या वेळेत येत. पंचविशीच्या, विधवा, दिराच्या घरी राहणाऱ्या. सातवीची फायनल द्यायची आणि डोंबिवलीच्या शाळेत मास्तरीण व्हायचं, हा एकच ध्यास. कोश घरी न्यायला मिळत नसे, म्हणून तिथंच बसून वहीत शब्द उतरवून घेत. मे महिना होता. घाम पुसताना बोट कपाळाला लागलं असणार—त्या तशाच घरी निघाल्या. ओट्यावरच्या बायकांनी हटकलं, "काय गं यमुने, कुणाच्या नावाचं लावलंस?"

दुसऱ्या दिवशी दीर त्यांना घेऊनच आले.

"दामले, ही म्हणते पुस्तकाचं चामडं लागलं. चामड्याला कुंकू सुटतं का हो कधी? तुम्ही सांगाल ते मानतो."

सांगाल ते मानतो—असं म्हणाले ते! एक खंड काढून त्यांच्या हातात द्यायचा, की संपलं. माझा स्वतःचा तळवा सकाळपासून लाल होता. पण अहवालाखाली सही कुणाची? नोकरी अजून कायम व्हायची होती. मी मूठ मिटली.

"बांधणी सगळी चांगली आहे," मी म्हणालो.

यमुनाबाईंनी माझ्या मुठीकडे पाहिलं. त्यांना कळलं असेल का? असेल कसलं—कळलंच. "चला भावजी," एवढंच बोलल्या.

पुन्हा आल्या नाहीत. फायनल राहिली. पुढं त्यांना कोकणात, चुलत सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात धाडल्याचं ऐकलं. मी त्याच रविवारी कपाट हलवलं. नोकरी कायम झाली.

अजून एक राहिलं. दीर उभे होते तेव्हा यमुनाबाईंची वही तिथंच, माझ्या टेबलावर होती. आदल्या दिवशी विसरलेली. पानापानावर लाल बोटं. ती नुसती उघडली असती तरी पुरलं असतं. मी तिच्यावर रजिस्टर ठेवलं.

वही माझ्याकडेच आहे. उद्या हा कागद तिच्यात घालून वाचनालयात देणार, माझ्या नावासकट. शब्द 'न'पर्यंत आले आहेत. पुढची पानं कोरी आहेत.